पेजेला पाणी येईपर्यंत

नदीच्या मधोमध असलेल्या काळ्या खडकावर एक रेघ होती. रेघेच्या वर खडक करडा आणि कोरडा, रेघेच्या खाली हिरवट आणि शेवाळलेला. पाणी रोज जिथपर्यंत चढतं तिथे अशी रेघ उमटते. आज पाणी त्या रेघेपासून खूप खाली होतं. रेघ आणि पाणी यांच्यामध्ये माझा अख्खा हात मावला असता, खांद्यापासून बोटांपर्यंत. शेवाळ अजून पुरतं वाळलेलं नव्हतं, म्हणजे पाणी उतरून फार वेळ झाला नसावा. खात्री करून घ्यायला मी काठावर बसले, डोळा रेघेच्या पातळीला आणला आणि पुन्हा पाहिलं. प्रयोगशाळेत ब्युरेटच्या काचनळीवरचा आकडा वाचताना असंच पाहतात, नाहीतर वाचन चुकतं.

वाचन बरोबर होतं. पेज नदी गुडघाभर झाली होती.

मला हसू आलं आणि मी ते ओढणीत दाबलं. कारण आमची सगळी मंडळी, म्हणजे कर्जत, कडाव, चौक आणि खालापूर मिळून सुमारे साठ माणसं, आज या नदीवर बाप्तिस्म्यासाठी आली होती.

आमच्याकडे बाप्तिस्मा नदीत होतो, पूर्ण बुडवून. बाळांना पाणी शिंपडत नाहीत. माणूस मोठा होतो, विश्वास ठेवतो आणि स्वतःच्या तोंडाने मागतो. कोणी कोणाला विचारायचं नाही, गळ घालायची नाही, असा कडक रिवाज आहे. ठरलेल्यांचा बाप्तिस्मा उरकला की पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, पाण्यातूनच काठाकडे वळून एकदाच विचारतात, “आणखी कोणी?” ज्याला हवं असेल त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं. बस, एवढंच.

हा प्रश्न मी कॉलेजात असल्यापासून ऐकत आले आहे. दर वर्षी नेमकं त्या क्षणी मला काहीतरी काम निघतं. चपलेचा पट्टा निसटतो. चष्म्यावर थेंब उडालेले असतात. एका वर्षी मी कुत्र्याच्या कानातली गोचीड काढत बसले होते. कुत्रा आमचा नव्हता.

आई मात्र दर वर्षी पिशवीत माझा पांढरा पंजाबी ड्रेस घेऊन येते. तो मी बारावीत असताना शिवला होता. नंतर तो बाजूने उसवून मोठा केला, मग पुन्हा उसवला, आणि आता उसवायला आत कापडच उरलेलं नाही. “असू दे की पिशवीत,” आई म्हणते. “त्यो काय खायला मागतोय?”

यंदा गोष्ट निराळी होती. मे संपायच्या आत माझं लग्न होतं. सुमित खालापूरला वायरमन आहे, आमच्याच मंडळीतला. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असला तरच पाळक लग्नाचा आशीर्वाद देतात, आणि आमचं लग्न याच कारणाने एकदा पुढे गेलं होतं. पावसाळ्यात पेज लाल होऊन सुटते, तेव्हा तिच्यात कोणी उतरत नाही. म्हणजे आज नाही तर थेट दिवाळीनंतर. सुमित म्हणाला होता, “दिवाळी तर दिवाळी. मी कुठे पळून चाललोय?” त्याने चिडून काहीतरी बोलायला हवं होतं. मला सोपं गेलं असतं.

पाळकांनीही मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “रूपाताई, लग्नासाठी पाण्यात उतरू नका. प्रभूसाठी उतरायचं असेल तर उतरा.”

प्रभूवर माझा विश्वास होता. पाण्यावर नव्हता.

दोन हजार पाचच्या जुलैमध्ये आम्ही दहिवलीला उल्हास नदीच्या काठी भाड्याच्या खोलीत राहत होतो. मी बारा वर्षांची होते. पाणी दारातून आलं नाही, ते जमिनीतूनच वर आल्यासारखं आलं. शाळेच्या उंच ओट्याकडे जाताना माझे पाय सुटले आणि मी खाली गेले. नाकातोंडात चिखल, कानात एक जाड आवाज. मग माझ्या वेणीला हिसका बसला. बाबांनी वेणी मनगटाभोवती गुंडाळली होती. त्या हिसक्याने मी वर आले आणि ओट्याला लागेपर्यंत तो हात सुटला नाही. तेव्हापासून माझं डोकं कधी पाण्याखाली गेलेलं नाही. केस धुतानासुद्धा मी पुढे वाकून तांब्याने धुते. पाण्याची घनता मला माहीत आहे, माणसाच्या शरीराची माहीत आहे, माणूस का तरंगतो ते मी फळ्यावर सिद्ध करून दाखवीन. पाय ऐकत नाहीत.

तर नदी गुडघाभर होती आणि मला हसू येत होतं. मनातल्या मनात मी म्हटलंसुद्धा, प्रभू, हे तू माझ्यासाठी केलंस का? असं विचारणं बरोबर नव्हतं, पण विचारून झालं.

“नदी कुठे गेली?” पाळक शमुवेल गोरे पांढऱ्या शर्ट-पँटमध्ये काठावर उभे राहून म्हणाले. ते जालन्याकडचे, आमच्याकडे येऊन जेमतेम वर्ष झालेलं.

“सुट्टीवर,” रोहिदास म्हणाला.

रोहिदासचा चौकला हायवेवर ढाबा आहे, आणि त्याच्याकडे पाहिलं की जेवण चांगलं असणार याची खात्री पटते. आज बाप्तिस्मा घेणाऱ्या दोघांतला तो एक. दुसरी सोनाली, नर्सिंगला शिकणारी. रोहिदास लहानपणापासून मंडळीतला, पण आजवर त्याला ढाब्यातून सवड झाली नव्हती.

“सुट्टीवर म्हणजे?”

“आज एक मे नाय का? कारखाने बंद. वीज कुणाला पायजे? मग वीजघरवाले पाणी कशाला सोडतील?”

हे खरं होतं. उन्हाळ्यात पेजेला स्वतःचं पाणी जवळपास नसतंच. वर डोंगराच्या पायथ्याशी वीजघर आहे, तिथली यंत्रं फिरली की पाणी सुटतं आणि नदी भरते. मोठ्या सुट्टीच्या दिवशी यंत्रं थांबतात आणि नदी ओसरते. आमच्या तालुक्यात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पाळकांना नव्हतं. सगळ्यांना एकदम सवड मिळावी म्हणून त्यांनी एक मे निवडला होता.

“म्हणजे तुम्हाला हे माहीत होतं?”

“सगळ्यांनाच म्हाईत हाय.”

“मग मला सांगितलं का नाही कोणी?”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

“मला वाटलं चंद्राबाईनं सांगितलं आसंल,” रोहिदास म्हणाला. “ती नदीच्या उशालाच राहते.”

“मी?” चंद्राबाई म्हणाली. ती कडावची, भाताची शेती करणारी, मंडळीतली सगळ्यात वयस्क बाई. “मला वाटलं विमल सांगंल. तिचं तोंड कदी बंद असतंय?”

“अगं बया!” विमल म्हणजे माझी आई. “मला वाटलं आमचा जावई सांगंल. त्यो विजेचाच माणूस हाय ना!”

साठ माणसं सुमितकडे वळली.

“मावशी, मी तारा बघतो,” सुमित म्हणाला. “पाणी नाही बघत.”

“आन् म्हणं सरकारी नोकरी!” चंद्राबाई म्हणाली, आणि आधी सोनाली फिसकन हसली, मग तिची आई, मग सगळेच. पाळक कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी नदीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि तेही हसायला लागले. हसताना त्यांचे खांदे आवाज न करता हलतात, त्यामुळे मागच्या लोकांना ते रडतायत असं वाटलं आणि कोणीतरी घाईघाईने त्यांना पाणी आणून दिलं.

सुमितने फोन लावला. त्याच्या ओळखीचा एकजण वीजघराकडे होता. बोलणं झाल्यावर तो म्हणाला, “संध्याकाळी सोडतील. उन्हं कलली, मुंबईचे लोक फिरून घरी आले, पंखे-एसी लावले की मागणी वाढते. मागणी वाढली की पाणी.”

“आन् नायच वाढली तर?”

“तर नाही.”

“मग प्रार्थना करू,” चंद्राबाई म्हणाली आणि कोणी काही बोलायच्या आत तिने पदर डोक्यावर घेऊन डोळे मिटले. आम्हीही मिटले. ती मोठ्याने म्हणाली, “हे प्रभू, तू समद्यांचा बाप हायस. मुंबईत आज लई गरम होऊ दे. तिथल्या लोकांना लवकर घरी धाड. त्यांना एसी लावायची बुद्धी दे.”

मी एक डोळा उघडला. पाळकांनीही एक डोळा उघडला होता. आमची नजरानजर झाली आणि दोघांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

“आमेन,” सगळे म्हणाले. मी जरा उशिरा म्हणाले, कारण ओठ दाबून धरले होते.

पण रोहिदासला थांबायचं नव्हतं. सुट्टीचा दिवस, हायवेवर गर्दी, ढाब्यावर एकटा आचारी. “गुडघाभर तर गुडघाभर,” तो म्हणाला. “पाणी ते पाणीच. मी झोपतो, तुमी दाबा.”

पाळकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “प्रयत्न करून बघू.”

ते दोघं पाण्यात उतरले. रोहिदास खाली बसला, मग हळूहळू मागे रेलला. डोकं पाण्याखाली गेलं, छाती गेली. पोट मात्र पाण्याबाहेर बेटासारखं राहिलं. पाळकांनी पोटावर हात ठेवून हलकेच दाबलं, तर तिकडे गुडघे वर आले. गुडघे दाबले, तर डोकं बाहेर आलं.

“झालं?” डोक्याने विचारलं.

“पोट राहिलंय,” पाळक म्हणाले.

“पोटाला नंतर देऊ!” काठावरून कोणीतरी ओरडलं.

“रोहिदासा, श्वास सोड की रं! फुगवून काय ठेवलायस?”

“सोडलाय! हे असंच हाय!”

पाळकांनी त्याची कूस बदलून पाहिली. रोहिदास कुशीवर वळला, तर एक अख्खी बाजू कोरडी. पालथं व्हायला सांगितलं, तर पाठ. प्रत्येक वेळी त्याच्या अंगाचा जवळपास तिसरा हिस्सा हवेत राहत होता, आणि तो हिस्सा दर वेळी वेगळा होता. शेवटी पाळक त्याच्या शेजारी पाण्यात बसकण मारून बसले आणि दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसले. काठावर बायका एकमेकींना धरून उभ्या होत्या. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “अगं, माज्या पोटात दुखायलं,” ती म्हणाली आणि खाली मांडी घालून बसली.

“अर्धवट चालायचं नाही,” पाळक उठून म्हणाले. “रोहिदासभाऊ, थांबावं लागेल.”

“थांबतो,” रोहिदास म्हणाला. त्याने आचाऱ्याला फोन करून सांगितलं, “अरे, माजं पोट बुडंना. उशीर व्हईल.” पलीकडून आचाऱ्याने काय विचारलं ते कळलं नाही.

मग ती दुपार एखाद्या सहलीसारखी झाली. जांभळाच्या सावलीत चादरी अंथरल्या. पुलावाचा मोठा टोप खडकांच्या मध्ये सपाट जागी ठेवला होता. तिथे एरवी नदी असते. पोरं गुडघाभर पाण्यात पालथी पडून मगरी झाली. पाळकांचे ओले कपडे करवंदीच्या जाळीवर वाळत होते आणि ते चंद्राबाईच्या नातवाची हाफ पँट घालून, ढोलकी मांडीवर घेऊन गाणी म्हणत होते.

जेवणं झाल्यावर मी ताटल्या घेऊन नदीत उतरले. कोणी सांगितलं नव्हतं. गुडघाभर पाणी, तळाला गोल दगड आणि स्वच्छ वाळू. तळ दिसत होता, म्हणून पाय चालले. मी खडकाजवळ वाकून ताटल्या विसळू लागले. काठावर चंद्राबाई आणि आई हाताला तेल लावून फणस फोडत बसल्या होत्या.

“विमल, बग गं,” चंद्राबाई म्हणाली. “तुजी पोर पाण्यात उभी हाय.”

“गुडघाभर आहे, आजी,” मी म्हटलं.

“गुडघाभर का व्हईना. तुजा बाबा येवढ्या पाण्यात पण नाय उतरायचा.”

ताटली माझ्या हातातून सुटली. मी ती पकडली.

“माझे बाबा?”

“मग कुणाचे?” आईने गऱ्यातली आठळी काढून फेकली. “त्यांना कुठं पवता येत व्हतं? लग्नानंतर पयल्यांदा कडावला आले, तर माजे भाऊ हौसेनं विहिरीवर घेऊन गेले. ह्यांनी कठड्याला जी मिठी मारली! दोघांनी ओढलं तरी सोडंनात. शेवटी ह्या चंद्राबाईनं येऊन भावांना झोडपलं, तवा सुटका झाली.”

“नवा जावई, आन् कठड्याला सरड्यावानी चिकटलेला!” चंद्राबाई म्हणाली. दोघी हसून हसून एकमेकींवर कलंडल्या.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. ते शाळेत प्रयोगशाळेचे मदतनीस होते. काचेचं सामान धुऊन उजेडात धरून बघायचे, डाग राहिला तर पुन्हा धुवायचे. आयुष्यात ते मला कधी आवाज चढवून बोलल्याचं आठवत नाही. माझ्या मनात ते पाण्यातून शांतपणे चालत जाणारे, काही न घाबरणारे असे होते. मी त्यांच्यासारखी नाही, हेही मनात पक्कं होतं.

“पण त्यांनीच तर मला ओढून काढलं,” मी म्हटलं. “पुरात.”

“काढलं की.”

“पोहता येत नव्हतं तर कसं काढलं?”

“कसं मंजे? रडत,” आई म्हणाली. “लटलट कापत. आपला पाय कुठं पडतोय ते ठाव नाय, आन् ‘प्रभू धर, प्रभू धर’ असं मोठ्यानं वरडतायत. तुजी वेणी मनगटाला गुंडाळलेली. मी मागून म्हणते, आवो, आधी तोंड मिटा, पाणी जाईल! तर ऐकतायत कुठं! निम्मा पूर त्यांच्याच पोटात गेला.”

चंद्राबाई पुन्हा हसली. आईही हसली आणि मग तेलकट मनगटाने तिने डोळे पुसले. “येडा माणूस,” ती म्हणाली. “रातभर उचक्या लागल्या व्हत्या. तुला सांगू नको म्हणाले. मी म्हणलं, नाय सांगत. आज त्यो विहिरीचा विषय निघाला म्हणून आलं तोंडात.”

मी पाण्यात उभी राहिले. त्या दिवशी बाबांनी मला मागून धरलं होतं. मला त्यांचा चेहरा दिसला नव्हता, आणि कानांत पाण्याचा आवाज असल्यामुळे त्यांचं ओरडणं ऐकू आलं नव्हतं. मला फक्त हात जाणवला होता. हात घट्ट होता. त्या एका हातावरून मी अख्ख्या माणसाचा निष्कर्ष काढला होता आणि इतकी वर्षं तो तपासलाच नव्हता.

मला अचानक हसू फुटलं. विहिरीच्या कठड्याला चिकटलेले बाबा, इस्त्रीच्या शर्टात. मी ताटल्या खडकावर ठेवल्या आणि खडकाला धरून हसले. हसता हसता माझं नाक वाहायला लागलं.

ते गेले त्या वर्षी मी जिथे केमिस्ट होते, तो साजगावचा कारखाना बंद पडला होता. सामान उचलून नेल्यावर रिकाम्या प्रयोगशाळेत मी उभ्या उभ्या प्रार्थना केली होती, डोळे उघडे ठेवून, कारण मिटले की भोवळ यायची. तेव्हा मी घाबरलेली होते. आणि तेव्हा मला कोणीतरी धरून ठेवलेलं होतं. बाबांच्या आजारपणातही असंच होतं, पुरातही असंच. दोन्ही निरीक्षणं माझीच आणि दोन्ही खरी. मी मात्र पहिलं शून्यावर आल्याशिवाय दुसरं मान्य करायचं नाही असं ठरवून बसले होते. भीती गेली की उतरू. कोणी सांगितलं होतं की ती जायला हवी? बाबांची गेली नव्हती. त्यांनी फक्त तोंड उघडं ठेवून हाक मारली होती, आणि वेणी सोडली नव्हती.

“रूपा!” सुमितचा आवाज आला. तो काठावर फोन हातात घेऊन उभा होता. “पाणी सोडलंय! बाहेर ये! सगळे बाहेर या रे!”

मी ताटल्या उचलल्या आणि कोणाच्याही मदतीशिवाय बाहेर आले. पोरांना दंडाला धरून ओढून काढलं. सगळे काठावर रांगेने उभे राहून वरच्या वळणाकडे पाहू लागले, जसं फलाटावर गाडीची वाट बघतात. बराच वेळ काहीच झालं नाही. मग हवेत गारवा आला, आणि वळणावरून पाण्याची एक चकचकीत कड दगडांमधून वाट काढत येताना दिसली. मोठी लाट वगैरे काही नव्हती. पाणी नुसतं आलं आणि येतच राहिलं.

“मुंबईवाल्यांनी एसी लावले!” चंद्राबाई दोन्ही हात वर करून ओरडली. “प्रभूची स्तुती असो!”

“आजी, अजून जरा मागा, भाव उतरू दे भाजीचे!”

“गप रं!”

तेवढ्यात आई किंचाळली, “अगं बाई, टोप!”

पुलावाचा टोप आम्ही नदीत ठेवला होता हे सगळे विसरले होते. पाण्याने तो अलगद उचलला आणि तो स्वतःभोवती गिरक्या घेत निघाला, डाव मध्ये उभा. त्याच्यामागे दोन चपला आणि कुणाचीतरी टोपी. काठाकाठाने साठ माणसं पळत सुटली. “धरा, धरा! त्यात खरवड हाय अजून!” रोहिदास ओरडत होता. सुमितने पँट न दुमडता कमरेपर्यंत पाण्यात उडी घेतली आणि टोप दोन्ही हातांनी छातीशी धरला. ढोलकी वाजली. टाळ्या वाजल्या. तो टोप डोक्यावर ठेवून परत आला आणि चंद्राबाईने जाहीर केलं, “जावई कामाचा हाय. पाणी पण बघतो!”

पाणी चढून स्थिर झालं. मी खडकाकडे पाहिलं. रेघ दिसत नव्हती. ती पाण्याखाली, नेमकी जिथे असायला हवी तिथे गेली होती.

पाळक आपले कपडे घालून आत गेले. पाणी त्यांच्या कमरेच्या वर आलं. त्यांनी रोहिदासला बोलावलं. तो चालत गेला आणि कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर एकदम थांबला. त्याचा चेहरा मला दिसत होता. दिवसभर हसणारा तो माणूस घाबरला होता.

“मला धराल ना?” त्याने विचारलं, आणि आवाज लहान पोराचा होता.

“धरतो,” पाळक म्हणाले.

रोहिदास गेला. सगळा गेला, पोटासकट. पाण्याची वर्तुळं काठापर्यंत आली आणि आमचे पाय ओले झाले. तो वर आला, तोंडातून पाण्याची चूळ टाकली आणि गरजला, “परत एकदा!”

“एकदाच असतं!” पाळक हसत म्हणाले.

मग सोनाली गेली, नाक चिमटीत धरून, आणि वर आल्यावर आधी हसली आणि मग रडली. काठावर गाणं सुरू झालं आणि थांबलं.

पाळक काठाकडे वळले. संध्याकाळचं ऊन पाण्यावर तिरपं पडलं होतं.

“आणखी कोणी?”

माझ्या चपला मी आधीच काढून ठेवल्या होत्या. चष्मा स्वच्छ होता. कुत्रा नव्हता. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती जांभळाच्या झाडाकडे इतकी निरखून बघत होती, जणू तिला ते विकत घ्यायचं आहे. पिशवी मात्र तिने पोटाशी धरली होती आणि पिशवीच्या तोंडातून पांढऱ्या ओढणीचं टोक बाहेर आलं होतं. सुमित टोप डोक्यावरून उतरवायचं विसरून उभा होता, आणि त्याच्या कानाला भाताची शितं चिकटली होती.

मी स्वतःची नाडी मनगटावर पाहिली. ती धावत होती. सकाळपेक्षा भीती जराही कमी झालेली नव्हती. हे मी नीट तपासलं, पुन्हा तपासलं. मग मागे हात नेऊन वेणी पुढे घेतली आणि ती घट्ट धरली.

“थांबा,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की फक्त चंद्राबाईने मान वळवली. सगळ्यांना ऐकू जायला हवं होतं. मी श्वास घेतला आणि बाबांसारखं मोठ्याने, तोंड पूर्ण उघडून ओरडले, “थांबा! मला भीती वाटतेय, आणि मला बाप्तिस्मा घ्यायचाय!”